मिरजेचा म्हणून मांडलेला तानपुरा

अन्याय झाला तो तानपुरे करणाऱ्या एका मिस्त्रीवर आणि त्याच्या मुलीवर. मिस्त्री केव्हाच गेला. मुलगी सत्तरीला टेकली आहे आणि इथेच, बडोद्याच्या वाडी भागात राहते. कधी झाला तेही सांगते: या वर्षीच्या वसंत पंचमीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दांडिया बाजारात आम्ही उघडलेल्या संगीताच्या संग्रहालयात, तिसऱ्या काचेच्या कपाटासमोर. वेळ मला पक्की आठवते, कारण फीत कापायला पावणेअकराला येणारे पाहुणे अकराला उगवले होते आणि मी दारात घड्याळाकडे बघत चरफडत उभी होते.

दोघांची नावं मी इथे लिहीत नाही. ती आधी जिथे लागायला हवीत तिथे लागू देत.

आणि अन्याय करणारी कोण? आमची समिती, माझी सख्खी आत्या आणि मी. माझं नाव या यादीतून गाळून हा मजकूर लिहिता आला असता. तसं लिहिणारे आमच्यात पुष्कळ आहेत.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या दिवसांपासून. नळाला पाणी नाही, लिही पत्रक. झाडं पाडली, लिही पत्रक. त्यामुळे बडोद्याच्या संगीताचं संग्रहालय काढायचं ठरलं तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी आमच्या घरी येऊन पप्पांना सांगितलं, "तुमची मुलगी आम्हाला द्या. तिला चार ओळींत माणसाला लाजवता येतं." हे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, आमच्या लांबच्या नात्यातले, मी त्यांना काका म्हणते. बाकीची समितीही आपल्याच लोकांची. आपले लोक म्हणजे बडोद्याचे मराठी, ज्यांचे आजे-पणजे संस्थानच्या नोकरीत होते. संस्थान विलीन होऊन किती पिढ्या उलटल्या, तरी आमच्यात लग्नाच्या पंगतीत ओळख करून देताना पणजोबांचा हुद्दा आधी सांगतात आणि मुलगा काय करतो ते नंतर.

पहिलं पत्रक मीच लिहिलं. तुमच्या माळ्यावर वाद्य कुजतं आहे आणि तुम्ही बडोद्याच्या गाण्याच्या गप्पा मारता, असा त्याचा सूर होता. लोक लाजले. वाद्यं यायला लागली. मच्छरदाणीत गुंडाळलेला दिलरुबा आला. भाते उंदरांनी खाल्लेली पेटी आली. जलतरंगाचे चिनी मातीचे प्याले आले, त्यातल्या दोनांत परवापर्यंत लोणचं होतं. वास जाता जाईना. रविवारी सकाळी शेव-उसळ खात आम्ही समितीची माणसं ती वाद्यं पुसायचो आणि मला खरंच वाटायचं की आपण काहीतरी मोठं करतोय.

प्रत्येक वाद्याबरोबर दात्याकडून एक अर्ज भरून घ्यायचा होता. तो अर्ज मी केला. त्यात रकाने होते: दात्याचं नाव, वाद्याचा मूळ मालक, मूळ मालकाचा हुद्दा, वाद्य कुठून आणलं. खाली नियम होते, तेही मीच टाइप केले. हुद्द्याचा रकाना काकांनी सुचवला आणि मी एका शब्दानं विचारलं नाही की सतार वाजवणाऱ्याचा हुद्दा आपल्याला कशाला हवा. वाद्य कुणी केलं हा रकाना कुणी सुचवला नाही. मलाही सुचला नाही. सव्वीस वर्षांची झाले, मोर्चे काढले, आणि वस्तू कुणाच्या तरी हातातून तयार होते एवढं मला सुचलं नाही.

तानपुऱ्यांचं तर विचारूच नका. जो तानपुरा येई तो मिरजेचा. "कुठून आणला?" "मिरजेहून." कागद? कागद नाही, पण चांगला तानपुरा म्हणजे मिरजेचाच, त्यात विचारायचं काय! मिरजेच्या कारागिरांचा यात काडीचा दोष नाही. दोष आमचा. आम्ही बडोद्यात जन्मलो, बडोद्यात मरणार, भाजीवाल्याशी गुजरातीत भांडणार. पण घरातली चांगली वस्तू महाराष्ट्रातून आलेली असली की आमचा ऊर भरून येतो. मग ती आली नसली तरी आणायची.

आत्यानं आमच्या घरचा तानपुरा दिला तेव्हा तिनंही हेच सांगितलं. "अण्णांनी मिरजेहून मागवला होता. रेल्वेनं आला, पेटीतून." अण्णा म्हणजे माझे आजोबा. हुद्द्याच्या रकान्यात मी अव्वल कारकून लिहिलं तर म्हणाली, "ते खोड. अधिकारी लिही."

"आत्या, ते अव्वल कारकून होते."

"अव्वल होते ना? मग झालं तर. लिही."

मी लिहिलं. तानपुरा आजोबांच्या नावावर गेला. त्यावर आयुष्यभर गायली आजी. तेही मी तेव्हा सोडून दिलं.

आता त्या बाई, मिस्त्रीची मुलगी. त्यांना आम्ही मासी म्हणायचो. उद्घाटनाआधी वाद्यांना तारा चढवायला, घोड्या नीट करायला माणूस हवा होता आणि चौकशी केली तर सगळ्यांनी एकच पत्ता दिला. त्या आल्या, मागच्या चौकात सतरंजी टाकून बसल्या आणि तीन आठवडे रोज येत राहिल्या. जवारी लावताना मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर लाकडाची तबली असते, तबलीवर घोडी, घोडीवरून तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं इतका थोडा घासायचा की डोळ्याला फरक दिसत नाही, मग तारेखाली सुताचा दोरा सारायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचं. तार अशी झणकून उठेपर्यंत मासी जेवायला उठत नसत. मी एकदा म्हटलं, "मासी, बस झालं, छान येतोय आवाज." त्या म्हणाल्या, "तने छान लागे छे. एने हजी नथी लागतुं," आणि घोडीकडे बोट दाखवलं. माझं समाधान झालं होतं, तिचं अजून व्हायचं होतं.

एका दुपारी आमच्या घरचा तानपुरा त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी तर्जनीच्या नखानं भोपळ्यावर टिचकी मारली, थांबल्या, पुन्हा मारली. मग शेजारचा दुसरा तानपुरा ओढून त्याच्यावर मारली. दुसऱ्याचा आवाज कोरडा, टणक आला. आमच्याचा बसका, आत काहीतरी मऊ असल्यासारखा.

मासी हसायला लागल्या. "आ तो बापुजीनो हाथ छे!"

मग त्यांनी जे सांगितलं ते मराठी-गुजरातीची खिचडी करून सांगितलं, मी सरळ लिहिते. त्यांचे वडील मूळचे डभोईचे सुतार. इथे आले आणि तानपुरे करायला लागले. जाड सालीचा भोपळा दुरून मागवायचा तर परवडायचा नाही, म्हणून जवळच्या सावली गावच्या एका शेतकऱ्याकडून भोपळे घ्यायचे. त्यांची साल पातळ. तारा ताणल्या की तडकायची. त्यावर त्यांनी तोड काढली: भोपळ्याला आतून चिंचोक्याच्या खळीनं कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, तीन थर. नवं कापड चालत नाही, ते पावसाळ्यात फुगतं आणि सुटतं. वापरून, धुऊन अगदी विरलेलं सुती लुगडं किंवा धोतर लागतं, ज्याला आता आक्रसायचंही राहिलं नाही आणि फुगायचंही. म्हणून ज्या घरचा तानपुरा, त्या घरानं जुनं कापड द्यायचं, असा मिस्त्रीचा रिवाजच होता. कापड मिळाल्याशिवाय भोपळ्याला हात लावत नसे.

"आणि आत, भोपळा दांडीला जुळतो त्या निमुळत्या तोंडाजवळ, मोठ्या माणसाचा हात पोचत नाही," मासी म्हणाल्या. "तिथल्या पट्ट्या मी लावायची. मारो हाथ नानो हतो ने. दहा वर्षांची होते."

एवढं सगळं मी ऐकलं. डोळे मोठे करून ऐकलं. "वा मासी!" म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी छापखान्याचा फोन आला की पाट्या तयार आहेत, बघून घ्या, तेव्हा मी जाऊन शुद्धलेखन तपासलं. मिरजेतल्या र चा रफार तर झाला नाही ना, हे बघितलं. मिरज बरोबर आहे का, हे बघितलं नाही. पाट्या छापून झाल्या होत्या, काकांनी रंग पसंत केला होता, उद्घाटन चार दिवसांवर होतं. मनात म्हटलं, बघू नंतर.

दुसऱ्या कुणी असं "बघू नंतर" केलं असतं तर मी त्याच्यावर दोन पानी पत्रक काढलं असतं.

वसंत पंचमीला मासी आल्या. आमंत्रणपत्रिका त्यांना कुणी दिली नव्हती. पत्रिका दात्यांना होत्या. पुढच्या खुर्च्याही दात्यांना. त्या पिवळी रेशमी साडी नेसून, केसांत फूल माळून आल्या आणि मागे भिंतीशी उभ्या राहिल्या. फीत कापली, भाषणं सुरू व्हायची होती, लोक कपाटं बघत फिरायला लागले. मासी तिसऱ्या कपाटाशी गेल्या. त्यांना गुजराती वाचता येतं. आमच्या पाट्या मराठीत आणि इंग्रजीत. बडोद्यात! त्यांनी मला हाक मारली.

"दीकरी, वांची संभळाव."

मी वाचून दाखवलं. काय करणार होते? मूळ मालकाचं नाव वाचलं, अधिकारी वाचलं, आत्याचं नाव वाचलं. मग "निर्मितीस्थान: मिरज."

मासी पाटीकडेच बघत म्हणाल्या, "आ कोणे लख्युं?"

"मी."

"तने तो में कह्युं हतुं."

सांगितलं होतंच. त्यांनी सवयीनं टिचकी मारायला बोट पुढे केलं आणि ते काचेवर आपटलं. तेवढा आवाज ऐकून काका लगबगीनं आले.

"अहो बेन, काचेला हात नको. बोटं उमटतात."

मासी म्हणाल्या, हा तानपुरा मिरजेचा नाही, माझ्या बापुजींनी केलाय.

"असं का? असेल असेल," काका हसत म्हणाले. "काही कागद आहे? पावती, पत्र, काही?"

"कागद नथी. काच काढा, मी वाजवून दाखवते. नाहीतर तबली उचलते. अर्ध्या दिवसाचं काम, परत होती तशी बसवून देईन."

"आता नाही हो ते करता यायचं. आता ती संग्रहालयाची वस्तू आहे, तिला कुणी हात लावायचा नाही."

तीन आठवडे तिला हात लावून हीच बाई बसली होती. त्या तारा तिनं चढवल्या होत्या. गेल्या शनिवारपर्यंत ती वस्तू तिच्या मांडीवर होती आणि काकांनी स्वतः तिला चहा नेऊन दिला होता. फीत कापली आणि तिचा हात म्हणजे काचेवरचा डाग झाला! आणि हे संगीताचं संग्रहालय. इथे कानानं ऐकलेलं चालत नाही, कागद आणा. चार पिढ्या कचेरीत बसलेल्या लोकांनी गाण्याचं घर काढलं, तर तेही कचेरीच निघालं.

मासी भांडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "मारे जीवतां जोवुं छे, दीकरी." जिवंतपणी त्यांना बापुजींचं नाव तिथे बघायचं आहे. आणि भाषणं सुरू व्हायच्या आत निघून गेल्या.

पुढच्या रविवारी मी समितीत विषय काढला. पाटी बदला. काका म्हणाले, "अगं, तू तर लगेच कुऱ्हाड घेऊन उठतेस. एका बाईच्या टिचकीवर आपण इतिहास बदलायचा का?"

"मग आत्याच्या गप्पेवर लिहिलाच कशाला?"

"दात्यानं लेखी दिलंय ते."

"मी लिहिलंय ते! अक्षर बघा, माझं आहे. ती डाळीला फोडणी देत होती, मी ओट्याशी बसून लिहीत होते."

कुणीतरी हसलं. काकांनी अर्ज काढला आणि खालचा नियम वाचून दाखवला: पाटीवरील मजकुरात दात्याच्या लेखी संमतीशिवाय बदल होणार नाही. "तूच टाइप केलास ना? सारूं. मग आत्याची सही आण. सही आणलीस की मी उद्या पाटी बदलतो."

मी तशीच आत्याकडे गेले. ती आवळे किसत होती. सगळं सांगितलं. तिचा किस थांबला नाही.

"म्हणजे माझ्या बापानं मिरजेहून आणलेला तानपुरा तू आता डभोईच्या सुताराचा करणार."

"आत्या, मिरजेला गेलं होतं कोण?"

"मागवला होता म्हटलं ना. पेटीतून आला."

"तू पेटी पाहिलीस?"

"मी लहान होते. मला काय आठवणार?"

"लहान म्हणजे केवढी?"

"आठ-नऊ असेन. तुला काय करायचंय? बस ने आता, आवळा खा."

मी मासींनी सांगितलेली रीत सांगायला लागले. पातळ भोपळा, चिंचोक्याची खळ, घरचं जुनं लुगडं. लुगड्यापाशी आत्याचा हात थांबला.

"कुठलं लुगडं?"

"ज्या घरचा तानपुरा त्या घरचं. मिस्त्री मागून न्यायचा."

"अंजिरी," आत्या म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली असं नाही, किसणीकडे बघून. "आईचं अंजिरी लुगडं. मला त्याची गोधडी हवी होती. आई म्हणाली करते, आणि मग एक दिवस तो माणूस आला, दारातच उभा, आणि आईनं घडी करून देऊन टाकलं त्याला. मी केवढी रडले होते. दोन दिवस जेवले नाही. म्हटलं माझं लुगडं सुताराला का दिलं."

कुकरची शिट्टी झाली.

आत्याला आपण काय बोललो ते कळलं. मी पाहिलं कळताना. तिनं किसणी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि मी उघडलेलं पेन माझ्याच हातात टोपण लावून परत दिलं.

"हे बाहेर बोलायचं नाही."

"आत्या, तुला आठवतंय!"

"मला काही आठवत नाही. सत्तरीची बाई काय वाटेल ते बोलते. अण्णा सगळ्यांना मिरजेचा म्हणून सांगायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आता त्यांना मी खोटं पाडू? पाटीवर? कपाटात लावलेल्या त्यांच्या फोटोखाली?"

"आणि मासींच्या वडिलांना खोटं पाडलं ते?"

"त्यांना कोण ओळखतं?"

या एका प्रश्नावर मी आत्याशी दोन महिने बोलले नाही. तिला सुद्धा कळत नव्हतं की त्यांना कुणी ओळखत नाही ते कुणामुळे. घराघरांत अण्णांसारखे लोक बसून "मिरजेचा, मिरजेचा" सांगत राहिले, म्हणून बडोद्यात तानपुरा करणारा माणूस आहे हे बडोद्यालाच कळलं नाही. मासींनी मला सांगितलं होतं की वडिलांच्या शेवटच्या वर्षांत लोक फक्त दुरुस्तीला यायचे. नवा करून द्या म्हणायला कुणी येत नसे. नवा घ्यायचा तर लोक गाडी पकडून दुसरीकडे जायचे. मिस्त्री दारांच्या चौकटी करून मेला.

मी वाडीत मासींकडे गेले. आत्याचं अंजिरी लुगडं त्यांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "अंजिरी, हा. तळाला अंजिरी आहे. त्याच्यावर दुसऱ्या रंगाचा थर दिला कारण पुरलं नाही." आणि मग, "सही करशे?" मी म्हटलं, नाही करणार. त्यांनी मान हलवली. संग्रहालयाकडून तारा उतरल्याचा निरोप दोनदा आला होता, त्या गेल्या नाहीत. "काच पुसायला माणूस आहे ना त्यांच्याकडे, त्याला सांगा," म्हणाल्या. एवढं एकच कडू वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं. त्यांचा उजवा डोळा आता काम करत नाही. डावा किती दिवस करेल त्यांना माहीत नाही. पाटी बघायची तर डोळा हवा.

आत्या आता माझ्याशी बोलते. मीही बोलते. पापड लाटायला जाते. सही देत नाही. पाटी जिथे होती तिथे आहे, मिरज आहे, अधिकारी आहे. आत्या एकटी असती तर मी हे लिहायला बसले नसते. घरचं भांडण घरात केलं असतं. पण त्या दालनात तानपुऱ्यांच्या एवढ्या पाट्या आहेत आणि सगळ्यांवर मिरज आहे, आणि एकीखालीही कागद नाही. दाते तुम्ही आहात. हे वाचणाऱ्यांत निम्मे तरी असाल. त्या अर्जांवर तुमच्या सह्या मी घेतल्यात, तुमच्या ओट्यांशी बसून; मला माहीत आहे तुम्ही किती विचार करून केल्यात.

तोच नियम तुमच्या हातात आहे. दात्यानं लेखी दिलं तर पाटी बदलावीच लागते. काकांनी भर बैठकीत तसं कबूल केलंय. तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. तानपुरा कुणी आणला ते विचारू नका, दारात कोण आला होता ते विचारा. आणि मग एक साधं पत्र लिहा: आमच्या वाद्याच्या पाटीवरचं मिरज काढा; कुणी केलं ते माहीत असेल तर त्याचं नाव घाला, माहीत नसेल तर माहीत नाही असं मराठीत आणि गुजरातीत छापा; आणि हे करायचं नसेल तर आमची वस्तू परत द्या. खाली सही करा. हुद्दा लिहू नका. या रविवारी बैठक आहे, अकरा वाजता. पत्र स्वतः घेऊन या.